कुठली शिरोली, किती किलो?

आमच्याकडं नुसतं ‘शिरोली’ म्हणून भागत नाही. पुलाची शिरोली हातकणंगले तालुक्यात, शिरोली दुमाला करवीरमध्ये. निगवे दुमाला आणि निगवे खालसा ही दोन्ही गावं तर करवीरमध्येच. दुमाला म्हणजे एकेकाळी इनाम दिलेलं गाव, खालसा म्हणजे ज्याचा महसूल थेट सरकारात जायचा ते. नावातच गावाचा प्रकार सांगायची ही रीत संगणकाच्या कितीतरी आधीची आहे, आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्या आम्हा लोकांना ती अजून नीट जमलेली नाही.

मी गुळाच्या अडत्यांसाठी हिशेबाचे प्रोग्रॅम लिहितो. सुरुवातीच्या एका प्रोग्रॅममध्ये मी ‘वजन’ हा साधा आकडा ठेवला होता. दिवाणजींनी आवक लिहिताना 12 टाकलं. त्यांच्या मनात तीस-तीस किलोचे बारा रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा होत्या, प्रोग्रॅमनं बारा किलो धरलं. 360 किलोचा माल हिशेबाच्या पट्टीवर 12 किलो झाला. शेतकरी काउंटरवर पट्टी धरून विचारत होता, “माझा गूळ गेला कुठं ओ?” चूक माझी होती आणि ताटकळत उभा तो होता. हे मला अजून लागतं.

कुठल्या खान्यात कुठल्या प्रकारची माहिती आहे, म्हणजे तिचा टाइप, हे प्रोग्रॅमच्या भाषेनं आधी सांगायला लावावं की नाही, हा आमच्या धंद्यातला जुना वाद. ऑफिसात नवीन आलेली मुलगी म्हणते, “सर, एवढं सगळं आधी लिहीत बसायचं तर काम कधी व्हायचं? पायथॉनमध्ये चार ओळींत होतंय.” एका दुपारपुरत्या कामाला तिचं म्हणणं मला मान्य आहे. पण 1991 साली आलेल्या पायथॉनलाही 2015 मध्ये टाइप लिहिण्याची ठरावीक पद्धत आणावी लागली, आणि जावास्क्रिप्टवर 2012 मध्ये टाइपस्क्रिप्ट आली. प्रोग्रॅम मोठा झाला, माणसं बदलली, की कुठल्या खान्यात काय आहे हे कुणाच्या डोक्यात राहत नाही. चुकीची किंमत कुणीतरी मोजतोच. ती लिहिणाऱ्यानं कीबोर्डवर मोजावी, पट्टी घेऊन उभ्या असलेल्या माणसानं नव्हे.

टाइपवाली भाषा घेतली म्हणजे सुटलो, असंही नाही. जावामध्ये रवेही पूर्णांक आणि किलोही पूर्णांक. दोन्हींची बेरीज ती मुकाट करून देते. 1999 मध्ये नासाचं मंगळाकडं गेलेलं ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान याच जातीच्या चुकीनं गेलं. एका प्रोग्रॅमनं आकडे पौंडाच्या मापात दिले, दुसऱ्यानं ते न्यूटनचे समजून घेतले. म्हणून ‘रवे’ आणि ‘किलो’ हे आपले आपण दोन वेगळे टाइप करावे लागतात. कॉलेजात हे पहिल्या सत्रातच शिकवावं, असं माझं ठाम मत आहे.

टाइपइतकीच गरज नेमस्पेसची. नेमस्पेस म्हणजे नावामागचा तालुका. ‘शिरोली’ एकटं लिहिलं की दोन गावांतले एकाच नावाचे शेतकरी एका खात्यात येतात. 2016 मध्ये जावास्क्रिप्टच्या एनपीएम या भांडारात ‘किक’ या एका नावावरून वाद झाला. चिडलेल्या प्रोग्रॅमरनं आपलं सगळं काम काढून घेतलं, आणि त्यातल्या अकरा ओळींच्या ‘लेफ्ट-पॅड’वाचून जगभरचे प्रकल्प अडले. नावं लेखकाच्या खात्याखाली ठेवायची सोय तिथं तोवर आली होती, पण सक्ती नव्हती.

आता आमच्या प्रोग्रॅममध्ये रव्यांत किलो मिळवू गेलं की कंपायलर थांबवतो. परवा त्या मुलीला त्यानं असंच थांबवलं. रव्यांना तिसानं गुणून ती मोकळी होणार होती. मी तिला आधी मार्केट यार्डात जाऊन यायला सांगितलं. तिनं दिवाणजींना विचारलं, “काका, रवा किती किलोचा धरायचा?”

दिवाणजी म्हणाले, “कुठला रवा? तीसचा का दहाचा?”