‘आमच्याकडे वाद नाही!’

‘फादरांच्या कारकिर्दीत आपल्या धर्मग्रामात एकही वाद झाला नाही.’ धर्मगुरूंच्या बदलीच्या वेळी होणाऱ्या निरोप-समारंभांत हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की, हल्ली ते कानी पडताच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकते. वाद झाला नाही, की होऊ दिला गेला नाही? या दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे आणि हारतुऱ्यांच्या गडबडीत ते कोणी तपासत नाही.

आपल्या लोकांनी धर्मगुरूंच्या दोन जाती ठरवून टाकल्या आहेत: तापट आणि शांत. तापट फादरांविषयी बिशपांकडे तक्रारी जातात; शांत फादरांना शाल मिळते. सेमिनरीतही ही वर्गवारी शास्त्राची वस्त्रे लेवून आमच्यासमोर आली. प्राचीन ग्रीक वैद्यकाने शरीरातील चार द्रवांवरून माणसाचे चार स्वभाव कल्पिले होते. १९९०च्या सुमारास आमच्या शिबिरांतून एनिआग्रामच्या नऊ आकड्यांचे चक्र फिरत असे. प्रश्नावली भरून झाल्यावर माझा क्रमांक नववा निघाला. नववा म्हणजे शांतता राखणारा. मी मनातून सुखावलो. जन्मतःच एक सद्गुण पदरात पडला, असे मला वाटले.

तेथेच माझी फसगत झाली. स्वभाव हा सद्गुण नव्हे. तापटपणाचा दोष निदान चारचौघांना दिसतो तरी. मवाळपणाचा दोष सद्गुणाचा झगा घालून वेदीपर्यंत येतो.

अंत्युखियाच्या ख्रिस्तसभेत काय घडले, ते संत पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात वाचावे. पेत्र परजातीय ख्रिस्ती बांधवांच्या पंक्तीला बसत होता. याकोबाकडून काही मंडळी आली, तेव्हा त्यांच्या धाकाने तो हळूच बाजूला झाला. त्याच्यामागून इतर यहुदी ख्रिस्ती उठले आणि बर्णबाही त्यांच्यासोबत वाहवला. बर्णबा कोण? आपले शेत विकून पैसे प्रेषितांच्या चरणी ठेवणारा, सारे घाबरत असताना पौलाच्या पाठीशी उभा राहणारा, प्रेषितांनी ज्याला ‘सांत्वनपुत्र’ असे नाव दिले तो. त्याच्याइतका मायाळू माणूस त्या मंडळीत दुसरा नव्हता. त्या जेवणाच्या वेळी कोणी कोणाशी भांडले नाही, आवाज चढला नाही. फक्त काही माणसांची पंगत वेगळी पडली. बर्णबाच्या मवाळपणाने ही फूट निमूटपणे स्वीकारली. पौलाने मात्र सर्वांदेखत पेत्राला तोंडावर विचारले. आज आपल्या एखाद्या समितीत कोणी असे केले, तर त्याला पुढच्या वेळी निमंत्रण जाईल काय?

म्हणून मी तापट स्वभावाची आरती ओवाळतो आहे, असे वाचकांनी समजू नये. याच पौलाचे याच बर्णबाशी योहान मार्कावरून बिनसले. मार्क पंफुलियातून मध्येच परत फिरला होता आणि पौल त्याला पुन्हा सोबत घ्यायला तयार नव्हता. या भांडणासाठी संत लूकने वापरलेला ग्रीक शब्द इतका तीव्र आहे की, पाश्चात्त्य वैद्यकाने रोगाच्या झटक्याला त्यावरूनच नाव दिले. दोघे वेगळे झाले. बर्णबा मार्काला घेऊन कुप्र बेटाकडे गेला, पौलाने सिलाला सोबत घेतले. पुढे तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात त्याच मार्काला आपल्याकडे घेऊन येण्यास सांगितले आहे. त्या तरुणाची पारख बर्णबालाच झाली होती. एका प्रसंगी तापट माणूस योग्य ठरला, दुसऱ्या प्रसंगी मवाळ. पण मार्कावरून बर्णबा पौलाशी समोरासमोर भांडला, ही गोष्ट आपण विसरतो. अंत्युखियात मात्र तो गप्प राहिला.

आता माझी गोष्ट. सुमारे वीस वर्षांपूर्वी मी एका धर्मग्रामात होतो. सणानंतर समितीची बैठक भरली आणि एका तरुणाने विचारले, ‘मंडपाचे बिल दोनदा कसे?’ खजिनदार वयोवृद्ध, निवृत्त शिक्षक. त्यांचा चेहरा पडला. ते उत्तर देण्यासाठी वही उघडणार, इतक्यात माझ्यातला नववा क्रमांक जागा झाला. ‘आपण सारे एकाच वेदीभोवतीची माणसे. हा विषय पुढच्या बैठकीत घेऊ,’ असे म्हणून मी प्रार्थना सुरू केली. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत तो विषय नव्हता. विषयपत्रिका मीच लिहीत असे. तरुण पुन्हा समितीवर आला नाही. खजिनदारांनी राजीनामा दिला. तो मी ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ असा नोंदवून टाकला.

मी संपविलेली बैठक गावात मात्र चालूच राहिली. विहिरीच्या काठी, लग्नाच्या मांडवात, बसथांब्यावर. वर्षभराने नव्या खजिनदाराने वह्या तपासल्या. एक बिल सणाचे होते, दुसरे मुलांच्या प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकाराच्या समारंभाचे. दोन मिनिटांचे उत्तर! तेही मी जाहीर केले नाही. जुनी जखम कशाला उकरायची, असे मला वाटले. त्या निर्दोष माणसाच्या अंत्यविधीला मीच मिस्सा केली. चर्चच्या पायऱ्यांवर दोघे जण मंडपाविषयी कुजबुजत होते, ते मी ऐकले. माझ्या शांततेची किंमत त्या गृहस्थाने मोजली होती.

अंत्युखियाचे ते भांडण आपल्या थोर विद्वानांनाही पचले नव्हते. संत जेरोमने गलतीकरांच्या पत्रावरील भाष्यात काही ग्रीक भाष्यकारांना अनुसरून असे सुचविले की, पेत्र आणि पौल यांनी लोकांच्या हितासाठी ते सोंग वठविले असावे. प्रेषित खरोखर भांडतील, ही कल्पनाच सहन होत नव्हती! आफ्रिकेतून संत ऑगस्टिनने आक्षेप घेतला: पवित्र शास्त्रात असे सोंग मानले, तर मग कशावर विश्वास ठेवायचा? हे पत्र ३९४-९५च्या सुमाराचे. ते नेणारा माणूस बिशप झाला आणि पत्र राहून गेले. पुढचे पत्र बेथलेहेमला पोहोचण्याआधी त्याच्या प्रती रोमला फिरल्या. ऑगस्टिनने आपल्याविरुद्ध पुस्तक लिहिले आहे, असे जेरोमच्या कानी आले आणि तो मूळचाच शीघ्रकोपी! ऑगस्टिनने दुखावल्याबद्दल क्षमा मागितली, मुद्दा मात्र सोडला नाही. पुढे पेलाजियसविरुद्धच्या वादात दोघे एका बाजूस उभे राहिले.

ज्याच्याविषयी पत्र, त्याच्या हाती पडण्याआधी ते गावभर फिरावे, हे त्या काळी अपघाताने घडले. आपल्याकडे ती रीतच आहे. संत मत्तयच्या शुभवर्तमानातील अठराव्या अध्यायात ख्रिस्ताने क्रम घालून दिला आहे: आधी एकांतात भेट, मग दोन-तीन साक्षीदार, मग ख्रिस्तसभा. आपण हा क्रम उलटा केला. आधी गाव, मग बिशपांना निनावी पत्र, आणि त्या माणसाची भेट कधीच नाही. या पापाचे वाटेकरी प्रापंचिकही आहेत. पण बैठकीचे दार बंद करणारे हात बहुधा आम्हा धर्मगुरूंचेच असतात. व्यासपीठावरून गर्जना करणारा फादर आणि विषय गाळणारा फादर हे एकाच घरचे. पहिल्याला उत्तर देण्याची सोय नसते, दुसऱ्याला प्रश्न विचारण्याची.

कोणी म्हणेल, धर्मग्राम समिती तर केवळ सल्लागार आहे. खरे आहे, १९८३च्या कॅनन लॉचा ५३६वा नियम तसे सांगतो. पण ज्या सल्ल्यात मतभेद उच्चारता येत नाही, त्याला होकार म्हणतात; सल्ला नव्हे. त्याच संहितेचा १२८७वा नियम श्रद्धावंतांनी दिलेल्या दानाचा हिशेब त्यांना देण्यास सांगतो. तो किती ठिकाणी पाळला जातो, हे वाचकांनी आपल्या चर्चच्या फलकाकडे पाहून ठरवावे. ऑक्टोबर २०२४ मध्ये रोमला संपलेल्या सिनडनेही पारदर्शकतेचा आणि उत्तरदायित्वाचा आग्रह धरला. ते शब्द आमच्या प्रवचनांत आले आहेत. विषयपत्रिकेत अजून यायचे आहेत.

यंदाच्या सणाचा हिशेब मी सभागृहात, वह्या मेजावर ठेवून आणि प्रश्नांना वेळ देऊन वाचावयास लावणार आहे. आमच्या खजिनदारांना तसे कळविले, तेव्हा त्यांना राग आला. ‘फादर, माझ्यावर विश्वास नाही का?’ असे त्यांनी विचारले. उद्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी जाणार आहे.