सीएला अधिकार द्या, पासवर्ड नको



नवीन धंदा सुरू केलेल्या माणसाला मी एक प्रश्न हमखास विचारतो. तुमच्या जीएसटी नंबरला मोबाईल कोणाचा जोडलाय? बीडच्या सुभाष रोडवरचं दुकान असो नाहीतर परळी-माजलगावचं, उत्तर बऱ्याचदा एकच येतं, "सीएचा असेल." पासवर्ड? "तेच बघतात सगळं." आणि सांगणारा एकदम निवांत असतो.

कराच्या कामाला जाणकार माणूस नेमायलाच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. आपण दुकान सांभाळायचं की कलमं वाचत बसायचं? पण त्याला अधिकार देणं वेगळं आणि आपलं लॉगिनच त्याच्या खिशात घालणं वेगळं. आपल्याकडं या दोन गोष्टींची सरमिसळ झालीय, आणि ती महागात पडते.

आधी बघा, अधिकार कोणाला देता येतो. जीएसटी कायद्याच्या कलम 116 मध्ये यादी आहे: वकील, सीए, कॉस्ट अकाउंटंट, कंपनी सेक्रेटरी, नोंदणीकृत जीएसटी प्रॅक्टिशनर, काही अटींवर विभागाचे निवृत्त अधिकारी. शिवाय तुमचा नातेवाईक किंवा नियमित कर्मचारी. म्हणजे बी.कॉम. झालेला मुलगा किंवा पगारावरचा मुनीम तुमच्या वतीनं अधिकाऱ्यासमोर उभा राहू शकतो. पण दहा दुकानांचं टॅली सांभाळणारा ओळखीचा पोरगा यातलं काहीच नसेल, तर तो तुमचा प्रतिनिधी होऊ शकत नाही, कितीही हुशार असला तरी. आणि शपथेवर जबाब द्यायला बोलावलं तर तुम्हालाच जावं लागतं, तिथं बदली खेळाडू चालत नाही.

आता खरी मेख कलम 48 मध्ये आहे. प्रॅक्टिशनरनं भरलेल्या रिटर्नमधली माहिती बरोबर असण्याची जबाबदारी नोंदणीधारकाची, म्हणजे तुमचीच राहते. काम त्याचं, जबाबदारी तुमची.

समजा तुमचं माजलगावात हार्डवेअरचं दुकान आहे. नोंदणी रद्द का करू नये अशी नोटीस निघाली, तर उत्तर द्यायला मिळतात कामाचे सात दिवस. नोटीस ई-मेलवर किंवा पोर्टलवर आली तरी कायद्यानं ती तुम्हाला मिळाली असंच धरतात, घरी पोस्टमन यायलाच पाहिजे असं नाही. ई-मेल सल्लागाराचा, मोबाईल त्याचा, आणि तो 20 तारखेच्या गडबडीत शंभर लोकांचे ओटीपी बघतोय. त्याची नियत चांगली असूनही तुमची नोटीस त्या ढिगात बुडू शकते. पुढं कराची ऑर्डर झाली तर अपिलाला तीन महिने, आणि कारण पटलं तर वर फक्त एक महिना. तुम्हाला ऑर्डर झाल्याचंच माहीत नसेल तर हे महिने कधी गेले तेही कळत नाही.

आणखी एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. रिफंड, नोंदणीतला बदल, नोंदणी रद्द करणं किंवा कंपोझिशन योजना, यातला अर्ज प्रॅक्टिशनरनं केला तर नियम 83 प्रमाणं तुमच्याकडून खात्री मागितली जाते. तुमच्या संरक्षणासाठीच ही सोय आहे. पण मोबाईल, ई-मेल आणि लॉगिन त्याच्याकडंच असेल, तर अर्ज करणार तोच आणि हो म्हणणारही तोच!

मग करायचं काय? पोर्टलवर सर्व्हिसेस, मग युजर सर्व्हिसेस आणि तिथं जीएसटी प्रॅक्टिशनर नेमायचा पर्याय आहे. फॉर्मचं नाव पीसीटी-05. तुम्ही नेमता, तो स्वीकारतो, मग त्याच्या लॉगिनमधून तो तुमचं काम करतो. पटलं नाही तर तिथूनच नेमणूक मागे घेता येते.

नोटिशीच्या सुनावणीसाठी सीए किंवा वकील पाठवताना अधिकारपत्र द्या, आणि ते मोघम नको. जीएसटी नंबर, कोणतं आर्थिक वर्ष, नोटिशीचा क्रमांक लिहा. हजर राहणं, कागद दाखल करणं, ऑर्डरची प्रत घेणं याला परवानगी द्या. कराची रक्कम मान्य करायची असेल तर आधी तुमची लेखी संमती, हेही त्यात लिहा. "सर्व बाबतीत, कायमस्वरूपी" असं छापील पत्र समोर आलं तर सही करायच्या आधी थांबा. कंपनी असेल तर डिजिटल सहीचा डोंगल स्वतःच्या कपाटात ठेवा, तो दुसऱ्याकडं ठेवणं म्हणजे कोऱ्या चेकवर सही करून देणंच आहे.

"असं मागितलं तर सीएसाहेबांना वाईट वाटेल," असं बरेच जण म्हणतात. मला तर उलटं वाटतं. चांगल्या सीएला हे हवंच असतं, उद्या तुम्ही "मला सांगितलंच नाही" म्हणालात तर त्याच्याकडंही कागद असतो. ज्याला राग येतो, त्याला का येतो हे मात्र विचारा.

लॉगिन तुमच्याकडं असेल तर मोबाईल आणि ई-मेल आजच बदला. नॉन-कोअर दुरुस्तीत ओटीपीवर होतं, अधिकाऱ्याची मंजुरी लागत नाही. आणि समोरचा लॉगिनच देत नसेल तर? देशभरातून अशा इतक्या तक्रारी गेल्या की 2018 मध्ये सरकारनं त्यासाठी वेगळी पद्धत जाहीर केली. ओळखीचा पुरावा आणि धंद्याचे कागद घेऊन तुमच्या हद्दीतल्या जीएसटी अधिकाऱ्याकडं जायचं. नोंदणीत तुमचं नाव आहे का ते बघून तो नवा ई-मेल आणि मोबाईल टाकतो, पासवर्ड रीसेट करतो, आणि युजर आयडी व तात्पुरता पासवर्ड तुमच्या ई-मेलवर येतो. जाताना दुकानाचं लाईट बिल आणि पॅन कार्ड सोबत असू द्या.