‘तीन दिवसांत पक्के दात’: जाहिरात पाहून जाण्यापूर्वी

सध्या मोबाइलवर आणि रस्त्यावरच्या फलकांवर ‘तीन दिवसांत पक्के दात’ अशा जाहिराती सारख्या दिसतात. कवळीला कंटाळलेल्या आई-वडिलांसाठी मुले लगेच चौकशी करतात. हा दावा पूर्ण खोटा नाही, पण तो प्रत्येकाला लागू पडत नाही. तुम्हाला लागू आहे का, हे दिवस मोजून नव्हे, तर शस्त्रक्रियेआधीच्या तपासणीतून ठरते.

हाडाला वेळ का लागतो?

इम्प्लांट म्हणजे दाताच्या मुळाच्या जागी जबड्यात बसवलेला, बहुतेक वेळा टायटॅनियमचा स्क्रू. टायटॅनियमला हाड घट्ट धरते, हे स्वीडनचे पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांना १९५० च्या दशकात सशांवरील प्रयोगांत दिसले. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाला इम्प्लांट बसवले. त्यांच्या मूळ पद्धतीत खालच्या जबड्यासाठी सुमारे ३ आणि वरच्यासाठी सुमारे ६ महिने थांबत. हाड जुळत असताना स्क्रू फार हलला, तर त्याभोवती हाडाऐवजी मऊ ऊती तयार होते आणि तो सैल पडतो.

मग तीन दिवसांत दात कसे मिळतात?

पहिला मार्ग: नेहमीचा इम्प्लांट बसवतानाच हाडात पुरेसा घट्ट बसला, तर त्यावर लवकर दात देता येतात. पूर्ण जबड्यासाठी चार ते सहा इम्प्लांट एकमेकांना जोडले जातात, म्हणून ते कमी हलतात. पण हे दात सहसा तात्पुरते असतात. पक्के दात काही महिन्यांनी बसतात आणि तोवर मऊ खावे लागते.

दुसरा मार्ग: बेसल इम्प्लांट. हे लांब स्क्रू जबड्याच्या आतल्या भुसभुशीत हाडाऐवजी कडेच्या टणक हाडात पकड घेतात. हाड खूप झिजलेल्यांना हा पर्याय सुचवला जातो. मात्र दीर्घकाळाचा अभ्यास नेहमीच्या इम्प्लांटचा जास्त झालेला आहे.

खरे काम ड्रिलच्या आधीचे

आधी दात कुठे हवा हे ठरते, मग त्याखाली इम्प्लांट कुठे आणि कोणत्या कोनात बसवायचा हे ठरते. साध्या एक्स-रेमध्ये हाडाची उंची दिसते, जाडी नाही. त्यासाठी सीबीसीटी हा त्रिमितीय स्कॅन लागतो. खालच्या जबड्यातून ओठ आणि हनुवटीला संवेदना देणारी नस जाते. तिच्यापासून साधारण २ मिमी अंतर ठेवतात. तिला इजा झाल्यास ओठ बधिर राहू शकतो. वरच्या दाढांवर सायनसची पोकळी असते, तिथे हाड कमी असल्यास आधी ते वाढवावे लागते.

तुमची तब्येतही याच वेळी पाहिली जाते. अनियंत्रित मधुमेह, धूम्रपान आणि उपचार न झालेला हिरड्यांचा आजार यांमुळे इम्प्लांट निकामी होण्याचा धोका वाढतो. हाडे ठिसूळ होण्यावर किंवा कर्करोगासाठी अलेंड्रोनेट, झोलेड्रोनिक ॲसिड यांसारखी औषधे घेतली असतील, तर ते आवर्जून सांगा. अशा रुग्णांत जबड्याची जखम न भरण्याचा धोका असतो. मात्र कोणतेही औषध स्वतःहून बंद करू नका.

पैसे भरण्याआधी हे विचारा

- माझा स्कॅन दाखवून हाड किती आहे आणि नस कुठे आहे, हे समजावून सांगाल का?
- तीन दिवसांत मिळणारे दात तात्पुरते की कायमचे? कायमच्या दातांचा खर्च यात धरला आहे का?
- माझ्यासाठी ब्रिज किंवा चांगली कवळी पुरेशी आहे का?
- एखादा इम्प्लांट निकामी झाला तर पुढे काय, आणि खर्च कोणाचा?
- इम्प्लांटची कंपनी, माप आणि बॅच क्रमांक लेखी मिळेल का? पुढे स्क्रू सैल झाला तर दुसऱ्या डॉक्टरांनाही ही माहिती लागते.

उत्तरे टाळली जात असतील किंवा ‘आजच भरा, सवलत मिळेल’ असा आग्रह होत असेल, तर स्कॅन आणि खर्चाचा कागद घेऊन दुसऱ्या दंतवैद्यांचे मत घ्या. दात पडून गेलेल्या जागेबाबत निर्णयाला दोन-तीन आठवडे लागले, तर सहसा काही बिघडत नाही. चुकीच्या जागी हाडात घट्ट जुळलेला इम्प्लांट काढताना मात्र त्याच्यासोबत हाडही जाऊ शकते.