हसवणारा तुरुंग

मंडळी, आज राजकारण नाही. आज एका जुन्या ब्रिटिश मालिकेबद्दल. नाव 'पॉरिज'. बीबीसीवर १९७४ ते १९७७ या काळात आली. पॉरिज म्हणजे लापशी, पण तिकडच्या बोलीत तुरुंगवासालाही पॉरिजच म्हणतात. आपण 'जेलची हवा खाणं' म्हणतो ना, तसंच!

रॉनी बार्करचा फ्लेचर हा मुरलेला भुरटा चोर, आत-बाहेर करण्यात आयुष्य गेलेला. त्याच्या कोठडीत येतो गॉडबर, पहिल्यांदाच आत आलेला तरुण पोरगा. रिचर्ड बेकिन्सेलने हे काम असं केलंय की काळजाला लागतं. (बिचारा १९७९ मध्ये ३१ व्या वर्षीच गेला.) वर मॅकेसारखा करडा जेलर आणि बॅरोक्लफसारखा मऊ.

एक अख्खा भाग फक्त रात्रीच्या कोठडीत घडतो. दोघं बंकवर पडून बोलतात, बस्स. पोरगा आतून खचलेला. फ्लेचर त्याला सांगतो, आज कुठं बाहेर जायचंच नव्हतं, घरीच निवांत बसलोय असं समज. हसता हसता घशात आवंढा येतो राव.

मला ही मालिका आवडते ती एवढ्यासाठी, की ती फ्लेचरला निर्दोष ठरवत नाही. तो चोर आहेच. पण चोर असला तरी माणूस आहे, हे ती भाषण न देता सांगते. आत राहून रोज एखादा छोटा विजय मिळवायचा, एवढीच त्याची लढाई.

आपल्याकडे काय चालतं? अटकेचा फोटो ग्रुपवर पडला की तासाभरात निकालही लागतो. 'ठेचा', 'फासावर द्या'. सरकारी आकडेवारी बघा: २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार कैदी, त्यातले ७५ टक्क्यांहून जास्त कच्चे कैदी. म्हणजे चारातल्या तिघांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही! यात कितीतरी गॉडबर असतील. त्यांच्या शेजारच्या बंकवर फ्लेचर असेलच असं नाही.

गुन्ह्याला शिक्षा हवीच, त्यात वाद नाही. पण ती कोर्टाने द्यावी, कमेंटबॉक्सने नव्हे. पुढचा फोटो फॉरवर्ड करण्याआधी एवढा विचार करा. आणि जमलं तर 'पॉरिज' शोधून बघा. इंग्रजी थोडं जड जाईल, हसू मात्र लगेच कळेल.