टाकाची लढाई

परवा साताऱ्याहून सांगलीला पॅसेंजरने निघालो. शेणोली मागे पडलं. समोरचा पोरगा मोबाईलवर एका पुढाऱ्याला गाढवाचे कान चिकटवत होता, तेवढ्यात किर्लोस्करवाडी आली आणि मला हसू फुटलं. औंध संस्थानातल्या याच माळावर, नांगरांच्या कारखान्याच्या खडखडाटात, १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी मासिक सुरू केलं. संपादक तेच आणि व्यंगचित्रकारही तेच. त्यांच्या व्यंगचित्रसंग्रहाचं नाव ‘टाकांच्या फेकी’. टाक म्हणजे काय, हे त्या पोराला समजावता समजावता भिलवडी आली: बाबा रे, शाईत बुडवायचा, एक रेघ ओढायची, पुन्हा बुडवायचा, जास्त दाबलास तर नीब फाकते आणि नाकाच्या जागी डाग पडतो. तिकडे दुसऱ्या महायुद्धात लंडनचा व्यंगचित्रकार डेव्हिड लो हिटलरची टर उडवून जगभर गाजला. आमच्या शंकररावांची लढाई घरातलीच होती, रूढींशी आणि बुवाबाजीशी. माझ्या मते तीच जास्त अवघड. शत्रूच्या मिशीला हसलं की टाळ्या पडतात. वर्गणीदाराच्या देव्हाऱ्यातल्या भाबडेपणाला हसलं की वर्गणी तुटते. पोरगं सगळं ऐकून म्हणालं, “काका, त्यात अनडू नसायचं?” नसायचं रे. म्हणून तर रेघ ओढायच्या आधी माणसं विचार करायची!