आपल्याच गल्ल्यावरून सुटणारी पिशवी



प्लास्टिकच्या पिशवीवर बंदी आहे हे महाडच्या बाजारातही सगळ्यांना ठाऊक आहे आणि पोलादपुरातही. राज्य सरकारची अधिसूचना 23 मार्च 2018 ची, आणि 23 जूनपासून दंड सुरू झाला. पहिल्यांदा 5,000 रुपये, दुसऱ्यांदा 10,000, तिसऱ्यांदा 25,000 आणि वर तीन महिने कैद. तरी पिशवी गेली नाही. पथक येणार अशी कुणकुण लागली की पिशव्यांची चळत काउंटरखाली जाते, पथक वळलं की पुन्हा वर येते.

यासाठी पालिकेला बोल लावणं सोपं आहे. पण आपल्यातल्या बहुतेक घरांची चूल दुकानावर पेटते. किराणा असो, कापड असो, भांडी असोत, काउंटरच्या आतल्या बाजूला आपलीच माणसं आहेत. म्हणून बंदीची मोहीम आपल्या घरातून सुरू व्हायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे नको असलेली वस्तू टाकण्याचाही धर्म सांगितलेला आहे. साधू-साध्वींच्या पाच समित्यांमधली पाचवी, पारिष्ठापनिका समिती, त्यासाठीच आहे. जागा बघायची, तिथे मुंगी नाही, बी नाही, हिरवं गवत नाही याची खात्री करायची, मग जयणेने परठवायचं आणि तीन वेळा ‘वोसिरे’ म्हणायचं, म्हणजे या वस्तूशी माझा संबंध सुटला. पौषध करणाऱ्या आपण बायकाही हे पाळतो. आता सांगा, प्लास्टिकची पिशवी कुठे परठवायची? तिच्यासाठी निर्दोष जागाच नाही. जाळली तर विषारी धूर, पुरली तर वर्षानुवर्षं तशीच, गटारात गेली तर पाणी तुंबणार. आपण हात झटकले तरी तिच्यामुळे होणारी हिंसा चालूच राहते.

सर्वांत आधी ती गायीच्या वाट्याला येते. भाजीची देठं, खरकटं पिशवीत बांधून आपण कोपऱ्यावर ठेवतो. गायीला वास अन्नाचा येतो, गाठ सोडता येत नाही, ती पिशवीसकट गिळते. प्लास्टिक पचत नाही, पोटात साठत राहतं, आणि पोट भरलेलं असूनही जनावर उपाशी मरतं. पर्युषणात आपण पांजरापोळीसाठी हौसेने पावती फाडतो. त्याच आठवड्यात आपल्या दुकानातून किती पिशव्या बाहेर पडल्या, त्याचाही हिशेब मांडायला हवा.

दुसरा वाटा सावित्रीचा. महाबळेश्वरला उगम पावलेली ही नदी पोलादपूरवरून महाडला येते आणि पुढे हरिहरेश्वर-बाणकोटपाशी समुद्राला मिळते. जुलै 2021 चा पूर पिशव्यांमुळे आला नाही. तो डोंगरावरच्या मुसळधार पावसाचा होता. पण गटारं नि मोऱ्या पिशव्यांनी बुजल्या असतील तर रोजच्या पावसाचं पाणीही रस्त्यावर थांबतं. मुंबईच्या 26 जुलै 2005 च्या प्रलयानंतर राज्याने 50 मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर बंदी आणली होती, ती याच कारणाने. आणि जी पिशवी इथे अडकत नाही, ती खाडीतल्या जीवांपर्यंत पोहोचते.

दुकानात बसणारे म्हणतात, “पिशवी दिली नाही तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल.” बरोबर आहे, एकट्याने करून भागणार नाही. इंग्लंडमधल्या मॉडबरी या छोट्या गावात 2007 साली 43 दुकानदारांनी एकाच दिवसापासून पिशवी बंद केली, तेव्हा गिऱ्हाइकाला दुसरीकडे जायला जागाच उरली नाही. त्यांच्यावर कायद्याची सक्ती नव्हती. आपल्याकडे तर कायदाही आहे. लेहमध्ये 1998 ची बंदी आली तीही तिथल्या महिला संघटनेने रेटा लावल्यामुळे.

दुसरी अडचण जास्त खरी आहे. वाडीवरून मजुरीला आलेली बाई संध्याकाळी पाव किलो डाळ घेते. तिच्याजवळ पिशवी नसते, आणि दहा रुपयांची कापडी पिशवी तिला परवडत नाही. तिच्यावर भार टाकून आपण पुण्य कमावू नये. तिला कागदाची पुडी बांधून द्या, किंवा अनामत ठेवून पिशवी द्या आणि परत आणली की पैसे परत करा. आपल्या कपाटातल्या जुन्या साड्या बचत गटाकडून शिवून घेतल्या तर हे सहज जमेल. नव्या कापडी पिशव्या विकत घेऊन दाराआड ढीग लावणं हाही परिग्रहच आहे. आणि कापडासारखी दिसणारी ती पातळ रंगीत ‘नॉन-वोव्हन’ पिशवी बहुधा प्लास्टिकचीच असते, तिला फसू नका.

आता आपल्या संघाचं. प्रवचनानंतरची प्रभावना प्लास्टिकच्या पिशवीत येते. स्वामीवात्सल्याला प्लास्टिकचे ग्लास येतात, लग्नपत्रिकेवर आणि मिठाईच्या खोक्यावर चकचकीत पारदर्शक वेष्टन असतं. 1 जुलै 2022 पासून हे ग्लास आणि ही वेष्टनं देशभर बंद आहेत. उकळलेलं पाणी पिणारे, सूर्यास्तापूर्वी जेवणारे आपण. एवढी सूक्ष्म काळजी घेणाऱ्यांना हे जड जाऊ नये.

म्हणून महिला मंडळाच्या पुढच्या बैठकीत तीन ठराव मांडूया. या चातुर्मासापासून प्रभावना हातात किंवा कागदात. स्वामीवात्सल्याला स्टीलची भांडी, धुण्याची पाळी वाटून घेऊ. आणि आपल्या समाजाच्या सगळ्या दुकानांत एकाच तारखेपासून पिशवी बंद. पहिले दोन ठराव आपल्याच हातात आहेत. तिसऱ्यासाठी रात्री गल्ला मोजून घरी येणाऱ्यांशी बोलावं लागेल, आणि ते बोलणं प्रत्येकीने आपापल्या घरी करायचं आहे.