पाण्याची वाट

सुरत म्हटलं की आपल्याकडच्या माणसाला आधी १६६४ ची स्वारी आठवते आणि मग साड्या. मला मात्र अलीकडे सुरत म्हटलं की एक गळकी केबिन आठवते. आठ फूट लांब, सहा फूट रुंद आणि वाकल्याशिवाय आत शिरता येणार नाही इतकी ठेंगणी.

माझी थोरली बहीण बावीस वर्षं सुरतेत आहे. दाजी कापड रंगवण्याच्या मिलमध्ये सुपरवायझर. मुलानंही मिलमध्येच चिकटावं अशी त्यांची फार इच्छा होती. भाच्यानं ऐकलं नाही. एका माछी मित्राबरोबर भागीदारीत त्यानं जुनी, छोटी लाँच घेतली. तापीच्या मुखाबाहेर नांगरलेल्या जहाजांना भाजीपाला, पिण्याचं पाणी आणि माणसं पोचवायची, हा धंदा. लाँच घेतल्यापासून बापलेकाचं बोलणं जेवायला वाढण्यापुरतं उरलं होतं.

लाँचची केबिन गळत होती. अंथरूण ओलं, कागदपत्रं ओली, बिस्किटांचे पुडे ओले. इथवर पोरांनी चालवून घेतलं. पण एका रात्री पाणी वायरलेसच्या संचात गेलं आणि संच बंद पडला. खंभातच्या आखाताची भरती-ओहोटी देशातल्या सर्वांत मोठ्यांपैकी. तिथे ओहोटीत इंजिन कुरकुरलं आणि मदत मागायची सोय नसली तर काय होतं, ते पोरांना त्या रात्री कळलं. भरती फिरेपर्यंत दोघं अंधारात बसून होते. ताईचा मला फोन आला, "तू मामा आहेस, तुझं ऐकेल. होडी विकून टाक म्हणावं."

मे महिन्याच्या सुट्टीत मी गेलो तो हा निरोप घेऊनच.

पावसाळ्यापूर्वी लाँच काठावर ओढून ठेवली होती. आत गेलो तर छताला, कोपऱ्यांना, खिडक्यांच्या कडांना पांढऱ्या सीलंटचे नुसते थर. भाचा म्हणाला, "मामा, जिथं थेंब दिसला तिथं बुजवलं. तरी गळतंच." भागीदार मित्राचे काका आयुष्यभर तांडेल होते. ते बाहेर विडी ओढत बसले होते. तिथूनच म्हणाले, "पाणी जोवानुं नथी, एनो रस्तो जोवानो छे." पाणी बघायचं नाही, त्याची वाट बघायची.

मला आमचं गावाकडचं घर आठवलं. पावसाळ्यात आई म्हणायची, "घर गळतंय," आणि शेजारच्या अज्जी म्हणायच्या, "मनी सोराकत्तैती." भांडं कुठं ठेवायचं यावर दोन्ही भाषांत एकमत असे; कौल कुठलं फुटलंय यावर कधीच नसे. थेंब माजघरात पडायचा आणि फुटकं कौल सापडायचं पार वळचणीच्या वर.

काकांनी आधी पोरांकडून आतला सीलंट खरवडून काढला. आतून बुजवलं की पाणी येणं थांबत नाही, फक्त बाहेर पडायची त्याची वाट बंद होते. मग ते छत आणि आतलं अस्तर यांच्यामध्ये साठतं आणि लाकूड कुजवतं. त्यानंतर गोड्या पाण्यानं सगळी केबिन धुतली. वाळलेलं मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, म्हणून खारं पाणी लागलेली जागा न धुता कधीच कोरडी होत नाही आणि गळती नसली तरी गळतीचा भास होतो. दोन दिवस ऊन दिलं. मग मी येताना प्रवासात वाचायला आणलेले आपल्याच साप्ताहिकाचे अंक केबिनभर पसरले. कागदावर एक थेंब पडला तरी डाग दिसतो.

काकांनी आणखी एक गोष्ट केली. लाँच काठावर किंचित मागे कललेली होती. पाण्यात ती ज्या कलानं तरंगते तसा कल त्यांनी ठोकळे लावून दिला. कल बदलला की पाण्याची वाटही बदलते. काठावर कोरडी राहिलेली केबिन पाण्यात गेल्यावर म्हणूनच पुन्हा गळते.

मग नळी लावली. एकजण बाहेर नळी घेऊन, एकजण आत बॅटरी घेऊन. सुरुवात खालून करायची: आधी डेक आणि केबिनच्या भिंतीचा सांधा, मग खिडक्या, शेवटी छत. वरून सुरुवात केली तर ओघळ सगळ्यावरून खाली येतो आणि कोण गळतंय ते समजत नाही. प्रत्येक ठिकाणी पाच-दहा मिनिटं संथ पाणी सोडायचं. सांधा कोरडा निघाला, खिडक्या कोरड्या निघाल्या. छतावर पाणी पडलं आणि थोड्या वेळानं पुढच्या खिडकीच्या वर थेंब लोंबला. पण छतावर संशयित तीन होते: हवेचा झरोका, वायर आत जाण्याचं भोक आणि हाताला धरायच्या दांडीचे बोल्ट. तिघांमधला चोर कोण?

रविवार होता. ताईनं डबा घेऊन दाजींना पाठवलं होतं. ते लांब उभे राहून बघत होते. लाँचला त्यांनी तोवर हात लावला नव्हता. अचानक म्हणाले, "रंग टाका की पाण्यात." आणि स्कूटर काढून गेले. तासाभरानं तीन पुड्या घेऊन परत आले: लाल, निळा, हिरवा. तीस वर्षं रंगाच्या टाक्यांपाशी उभ्या राहिलेल्या माणसाला सुचणारच ते. तिन्ही जागांभोवती भिजवलेल्या मातीचे छोटे बांध घातले आणि प्रत्येकात वेगळं रंगीत पाणी भरलं. भाचा आत उताणा पडून वर बघत होता. वीसेक मिनिटांनी आतून ओरडला, "बाबा, निळं!"

निळा रंग दांडीच्या मागच्या बोल्टपाशी होता. थेंब पडत होता तिथून चार फूट दूर.

मी कॉलेजात इतिहास शिकवतो. तो निळा डाग बघताना मला स्टॅव्होरिनस आठवला. हा डच दर्यावर्दी १७७० च्या दशकात सुरतेला आला होता आणि इथले सुतार जहाजाच्या फळ्या कशा जोडतात ते त्यानं लिहून ठेवलंय. ते फळीच्या कडेला शेंदूर फासत, त्यावर दुसरी फळी दाबत, आणि शेंदूर लागेल तो उंचवटा तासून काढत. फळी फळीत चपखल बसेपर्यंत हेच चाले. मग मधे डिंकासारखा लेप आणि कापसाचा पातळ थर देऊन फळ्या घट्ट जोडत. सांधा कुठं आहे ते मुश्किलीनं दिसे. अशाच कारागिरीच्या सुरतेतून लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये मुंबईला गेले. त्यांच्या घराण्यानं मुंबईत सागवानात बांधलेलं, १८१७ मध्ये पाण्यात उतरलेलं 'ट्रिंकोमाली' हे जहाज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही तरंगतंय. दोष आधी रंगानं दिसू द्यायचा आणि मगच हत्यार उचलायचं, ही रीत सुरतेची जुनीच म्हणायची.

दुरुस्ती त्या मानानं सोपी होती. बोल्ट काढला तर भोकाभोवतीचं प्लायवूड काळं, ओलं झालेलं. कुजका भाग कोरून काढला, आठवडाभर ऊन दिलं. भोक मुद्दाम मोठं करून ते इपॉक्सीनं भरलं आणि सुकल्यावर त्यातून नवं भोक पाडलं, म्हणजे पुन्हा पाणी आलं तरी लाकडाला लागणार नाही. बोल्टखाली पॉलियुरेथेनचा सीलंट दिला. नट आधी हलकाच आवळला, सीलंट धरल्यावर पुरता. एकदम आवळला असता तर सगळा सीलंट बाहेर आला असता आणि सांध्यात काहीच उरलं नसतं. बाकीचे बोल्टही तसेच नव्यानं बसवले. वायरीला आत जाण्यापूर्वी खाली एक झोळ दिला. वायरीवरून ओघळणारं पाणी आता झोळापाशीच गळून पडतं.

कानडीत म्हणतात, 'हनी हनी कूडिदरे हळ्ळ'. थेंबे थेंबे तळे साचे, तेच. आपण ही म्हण मुलांना बचतीसाठी शिकवतो. ती गळतीलाही तितकीच लागू आहे. शिशुनाळ शरीफांनी गळक्या माळ्यावर पद रचलं ते काही उगाच नव्हे. मृग तोंडावर आला की आपणही ओल आलेल्या भिंतीला आतून रंग मारतो आणि पाहुण्यांपुरती निश्चिंती करतो. यंदा रंगाचा डबा उघडण्याआधी एकदा शिडी लावून वर चढा, एवढंच माझं सांगणं. आणि एकट्यानं करू नका. एकजण वर पाणी ओतायला हवा, एकजण खाली बघायला.

लाँच विक, असं मी भाच्याला सांगितलंच नाही. ताईनंही परत विचारलं नाही. जूनमध्ये सुरतेला पहिला मोठा पाऊस झाला त्या रात्री फोन वाजला. ताई असेल म्हणून उचलला, तर दाजी होते. छत्री घेऊन लाँचवरून नुकतेच परतले होते.

"तुमचा पेपर कोरडा आहे," म्हणाले. "मुलाखतीचं पान अर्धं वाचून आलो. पोराच्या बॅटरीचा उजेड कमी पडला."